तुळपुळ्याचं जांभूळ

"जीभ बाहेर काढा," गुरव म्हणाला.

मी काढली. त्याने ती आधी डावीकडून पाहिली, मग उजवीकडून, मग मान मागे घेऊन जरा लांबून, म्हातारी माणसं वर्तमानपत्र बघतात तशी. मग शेजारी उभ्या असलेल्या, शेळ्या राखणाऱ्या तानूआत्याकडे बघून त्याने निकाल दिला.

"जांभळी हाय."

"म्यां मगाशीच सांगितलं," तानूआत्या म्हणाली. "खाताना बघितलं ह्याला. बी सुदिक गिळली."

बी मी मुद्दाम गिळली नव्हती. जांभूळ खाली पडलेलं होतं, मी ते उचलून तोंडात टाकलं, आणि तेवढ्यात मागून "ए! थुक ते!" असा आवाज आला. माणूस दचकला की एक तर थुंकतो किंवा गिळतो. मी गिळणाऱ्यांतला निघालो.

ही भोकरदरीची देवराई. आजूबाजूचे डोंगर कोळशापायी कधीचे बोडके झालेले, आणि मधोमध हा वाघजाईच्या नावाने राखलेला काळाभोर झुबका. भोवती गुडघाभर उंचीच्या दगडांची रांग. नियम एकच होता: राईतली काडीसुद्धा रांगेबाहेर न्यायची नाही. वाळलेली नाही, पडलेली नाही, किडलेलीही नाही. एखादं पान तळव्याला चिकटून बाहेर जायला नको म्हणून चपलासुद्धा रांगेपाशी काढून ठेवायच्या आणि बाहेर पडताना पाय झटकायचे. मी बूट काढून ठेवले होते. पाय झटकायचंही लक्षात ठेवलं होतं. नियम पाळण्यात मी जवळजवळ पास झालो होतो.

"चुकलं माझं," मी म्हणालो. "देवीला नारळ फोडतो आणि निघतो."

"नारळ फोडा की," सखा गुरव म्हणाला. "पण निघणार कसं? जांभूळ तुमच्या पोटात हाय."

"हो."

"तुमी भाइर गेला म्हंजी जांभूळ भाइर गेलं."

तो थट्टा करत असेल अशी मला आशा होती. मी त्याच्या चेहऱ्यावर थट्टा शोधली. तिथे फक्त दोन दिवसांची दाढी होती.

"मग काय करायचं?"

"पोट साफ असतं न्हवं तुमचं?"

"म्हणजे?"

"सकाळच्या सकाळी हुतं?"

"साधारणपणे," मी तानूआत्याकडे न बघता म्हणालो.

"मग बी काय उद्या सकाळी पडंल. तवर बसा हितं. बी राईत ऱ्हायली की तुमी मोकळं."

"म्हणजे ते मी इथे..."

गुरवाने कानांवर हात ठेवले. "हितं? देवीच्या दारात? झडून जाशीला!"

"मग बाहेर जाऊन?"

"भाइर कसं जाणार? बी पोटात हाय न्हवं!"

मी पुन्हा पहिल्यापासून विचार करून पाहिला. बी आत असेपर्यंत बाहेर जाता येणार नाही, आणि आत असेपर्यंत बी बाहेर काढता येणार नाही. कुठूनही सुरुवात केली तरी मी तिथेच येत होतो, जांभळाच्या झाडाखाली, अनवाणी.

"त्या तुमच्या शेळ्या आत येत नाहीत का कधी?" मी तानूआत्याला विचारलं.

"येत्यात की."

"खातात?"

"खात्यात."

"त्यांना का सोडता?"

"त्यास्नी कळत न्हाय."

"मलाही कळत नव्हतं!"

"तुमी शिकल्यालं," ती म्हणाली, रांगेबाहेर गेली आणि माझे बूट मांडीखाली घेऊन बसली.

पळून जाता आलं असतं. बूट नसले तरी पाय होते. पण मी पळालो असतो तर गावाचा होकार गेला असता, आणि होकार गेला की नोकरी गेली.

प्रकरण असं होतं. कुठल्याशा मोठ्या रस्त्यासाठी बरीच झाडं तोडली गेली होती. त्यांच्या बदल्यात दुसरीकडे झाडं लावणं भाग होतं, आणि ती लावायचं कंत्राट आमच्या कंपनीला मिळालं होतं. झाडं लावायला पाणी असलेली जमीन हवी. तशी जमीन त्या सगळ्या पट्ट्यात एकाच ठिकाणी उरली होती, आणि तिच्यावर झाडं होती. म्हणून ती झाडं तोडून तिथे झाडं लावायची, असं ठरलं. नाव 'ऑक्सिजन पार्क'. रांगेत लावलेली शोभेची रोपं, फरशीची पायवाट, तिकिटाची खिडकी आणि फाटकाशी सिमेंटचा जिराफ. हा आराखडा मी स्वतः टाईप केला होता आणि मला त्यात काहीही खटकलं नव्हतं. नाही म्हणायला जिराफाची मान कागदाबाहेर जात होती, ती मी थोडी आखूड केली.

दुपारी राईबाहेरच्या वाघजाईच्या देवळासमोर ग्रामसभा होती. तिथे मी भाषण करायचं, गावाने हात वर करायचे, आणि आमच्या कडलास्कर साहेबांनी मला कायम करायचं, असा बेत होता. "तुळपुळे," साहेब म्हणाले होते, "होकार घेऊन ये, ऑर्डर तयार ठेवतो." तोवर मी तात्पुरता होतो. इतका काळ तात्पुरता होतो की माझ्यानंतर आलेला ऑफिसातला पंखासुद्धा कायम झाला होता.

सभेआधी जागा मापून घ्यावी म्हणून मी टेप घेऊन राईत शिरलो होतो. बाकीचं जांभळी जिभेवर आलंच आहे.

थोड्या वेळाने सरपंच आले. हणमंत ढेबे, वयाने माझ्याहून फार मोठे नाहीत, पायांत पांढरे बूट. रांगेपाशी ते बूट जपून काढून ठेवत आत आले. पार्क व्हावं म्हणून सगळ्यांत उतावीळ माणूस तोच. तिकिटाच्या खिडकीशेजारी 'जिराफ मिसळ सेंटर' काढायचं त्यांनी ठरवून ठेवलं होतं. बोर्डसुद्धा रंगवून झाला होता.

"सखातात्या, सोडा की पाव्हण्याला," ते म्हणाले. "एका जांभळापायी गावाचा विकास अडवता का?"

"मी कुठं अडवतोय? आईला इचारू," गुरव म्हणाला.

त्याने कौल लावला. राईच्या मधोमध वाघजाईचा तांदळा, म्हणजे शेंदूर फासलेला नुसता गोल दगड, आहे. त्याच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवायच्या आणि गाऱ्हाणं घालायचं. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. आम्ही तिघे त्या कळ्यांकडे बघत बसलो. मी आयुष्यात कुठल्याही परीक्षेच्या निकालाकडे इतक्या आशेने पाहिलेलं नाही.

डावी पडली.

"ओकून टाकतो," मी म्हणालो.

"देवीफुडं ओकणार?" गुरव म्हणाला.

सरपंच हताश होऊन निघून गेले. जाताना त्यांनी पाय नीट झटकले. मी ते हेव्याने बघत राहिलो.

मग मी बसलो. राईत वेळ कळत नाही, कारण वर आभाळच नसतं. हिरडा, बेहडा, आंजन, जांभूळ सगळे एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून उभे होते, आणि त्यांच्यामधून गारंबीचा वेल माणसाच्या मांडीएवढा जाड होऊन या झाडावरून त्या झाडावर गेला होता, जणू सगळ्यांना बांधून ठेवायचं काम त्याच्याकडे होतं. त्याच्या शेंगा माझ्या हाताएवढ्या लांब. बाहेर रांगेपलीकडे ऊन पांढरं पेटलं होतं आणि आत मला शहारे येत होते. फोनला रेंज नव्हती. डास होते. कुठेतरी पाण्याचा आवाज येत होता, अगदी हलका, पण न थांबणारा, आणि पाण्याचा आवाज पुष्कळ वेळ ऐकत बसलं की माणसाला जे होतं ते मला व्हायला लागलं. तेही आत चालणार नव्हतं. मी हळूहळू उठलो आणि रांगेपर्यंत गेलो. तानूआत्याने शेळ्या हाकायची काठी आडवी धरली.

"आत्या, हे जांभळाचं नाही. पाण्याचं आहे."

"आईला काय सांगायचं? कशाचं कुठलं?"

मी परत गेलो. बसलो. एक मोठा मुंगळा माझ्या पायावरून चढला, गुडघ्यापाशी थांबला, आणि घाई नसल्यासारखा पलीकडे उतरला. तो सरळ दगडांच्या रांगेखालून बाहेर गेला. त्याच्या तोंडात कसलासा दाणा होता. मी तानूआत्याला हाक मारून दाखवलं. तिने बघितलं नाही.

सभेची वेळ झाली तेव्हा मी बाहेर जाऊ शकत नव्हतो, म्हणून सभा माझ्याकडे आली. गाव दगडांच्या रांगेबाहेर चटया टाकून बसला. मी आतल्या बाजूला एका मुळावर उभा. प्राणिसंग्रहालयात असतं तसं, फक्त शेंगदाणे कुणी टाकत नव्हतं. धुरळा उडवत साहेबांची जीप आली. साहेब उतरले, घाम पुसला, सरपंचांनी दिलेला पाण्याचा तांब्या घटाघटा रिकामा केला, दुसरा मागितला आणि मग मला पाहिलं.

"तुळपुळे, आत काय करताय? या इकडे."

"येता येत नाही, सर."

"का?"

मी सांगितलं. साहेबांनी ते पूर्ण ऐकून घेतलं. मग सरपंचांकडे पाहिलं. सरपंचांनी जमिनीकडे पाहिलं.

"बरं, तिथूनच बोला," साहेब म्हणाले. "आवाज चढवून."

मी आवाज चढवून बोललो. भाषण पाठ होतं. पार्क, पायवाट, खिडकी, जिराफ. जिराफाला टाळ्या पडल्या. शेवटचं वाक्य माझं सगळ्यांत आवडतं होतं: "मंडळी, या राईतून गावाला आजवर काय मिळालं? लाकूड नाही, फळ नाही, एक काडी नाही. काहीही नाही!"

"मग करा हात वर," सरपंच म्हणाले.

"थांबा," सखा गुरव उठला. "आईचं देणं अडकलंय त्याच्या पोटात. त्ये मिटंस्तवर आईच्या जाग्यावर हात वर करायचा न्हाय. आदी ह्येचा निकाल, मग राईचा."

"कधी मिटेल?" साहेबांनी विचारलं.

"उद्या सकाळी. त्याच्या पोटावर हाय."

साहेब रांगेपाशी आले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "तुळपुळे, आज होकार मिळाला नाही तर काम दुसऱ्या कंपनीला जाईल. मग मी तुला कशाच्या जोरावर कायम करू? ते पोटाचं काय ते बघ. डोकं चालव. आधी बाहेर पड."

मी डोकं चालवलं. खरं तर ते मी चालवलं नाही. मघापासून कानात घुमणाऱ्या त्या पाण्याने चालवलं.

"आत्या," मी विचारलं, "सकाळपासून तुमच्या पोटात काय गेलं?"

"च्या."

"चहाला पाणी कुठलं?"

"झऱ्याचं."

"झरा कुठून निघतो?"

"त्यो काय, गारंबीच्या बुडातनं."

"म्हणजे दगडांच्या आत. आणि चहा तुम्ही घरी प्यालात. दगडांच्या बाहेर."

मंडळी जरा सावरून बसली.

"पाणी आपल्या पायानं भाइर जातंय," गुरव म्हणाला. "आमी न्हेत न्हाय."

"जांभूळही आपल्या पायानं खाली आलं होतं, तात्या. मी झाडावर चढलो नव्हतो. तो पलीकडचा बोडका डोंगर बघा. त्याच्यावर पडलेला पाऊस संध्याकाळी कोकणात पोचतो. इथला पाऊस या पाचोळ्यात जिरतो, मुळांना धरून बसतो, आणि ऐन मे महिन्यात तुमच्या हंड्यात येतो. राई नसेल तर झराही नाही. ते हंड्यातलं जांभूळच आहे. फक्त पातळ आहे."

"बराबर बोलतोय पाव्हणा," मागून कुणीतरी म्हणालं.

मला उत्साह आला. साहेब मान हलवत होते. मी सुटतोय हे त्यांना दिसत होतं.

"सरपंच, तुमची म्हैस ह्याच पाण्यावर. तिचं दूध डेअरीत जातं, डेअरीतून शहरात. म्हणजे शहराच्या पोटात राई. आमच्या साहेबांनी आल्याबरोबर दोन तांबे रिचवले. त्यांना कुणी अडवलं?"

गुरवाने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी हातातला तांब्या हळूच खाली ठेवला.

"हे तर काहीच नाही," मी म्हणालो. मला आता थांबता येत नव्हतं. "ही झाडं मुळांनी पाणी ओढतात आणि पानांतून वर सोडतात. वारा ते घेऊन जातो आणि कुठल्या तरी अनोळखी गावावर पाडतो. तिथल्या माणसाची ज्वारी त्याच्यावर. तो गुन्हेगार. जगातल्या सगळ्या गाड्यांचा, चुलींचा, कारखान्यांचा धूर अशाच राया गिळून बसल्यात. माझ्यासारख्याच, गिळलेलं बाहेर न सोडता. त्यांनी तो सोडला तर सगळी दुनिया तापेल. आणि हवा! तुम्ही सगळे मघापासून इथे बसून श्वास घेताय. घरी जाताना तो इथे ठेवून जाणार आहात का? नियम लावायचा तर सगळ्यांना लावा. गावाला लावा, तालुक्याला लावा, सगळी पृथ्वी इथे आणून माझ्याशेजारी बसवा!"

सरपंचांनी माझ्यामागच्या राईवर नजर टाकली, जागेचा अंदाज घेतल्यासारखी.

"मावायची न्हाय," ते म्हणाले.

"एवढ्या चपला मी न्हाय बाई राखायची," तानूआत्या म्हणाली.

सखा गुरवाने झऱ्याच्या दिशेने पाहिलं. मग म्हणाला, "म्हंजी समद्यांच्याच पोटात राई हाय म्हना की."

"समद्यांच्या!" मी ओरडलो.

त्याने आत येऊन पुन्हा कौल लावला. या वेळी गाऱ्हाणं लांब होतं, त्यात शहर, डेअरी आणि साहेबांचे दोन तांबेही आले. उजवी कळी पडली. एकच अट निघाली: बी पडली की ती परत आणून द्यायची. मी वाघजाईची शपथ घेतली, पाय झटकले आणि दगड ओलांडला. तानूआत्याने बूट काढून दिले. ते गरम होते. मी समोरच्या बांधाआड जाऊन आलो, आणि जग मला फार सुंदर वाटलं.

"शाब्बास, तुळपुळे!" साहेबांनी माझी पाठ थोपटली. "चला मंडळी, झाला निकाल. आता हात वर."

कुणाचाच हात वर गेला नाही.

सरपंचांचा निम्म्यापर्यंत गेला होता. तिथे तो थांबला आणि डोकं खाजवू लागला.

"साहेब," ते म्हणाले, "राई तोडल्यावर झऱ्याचं काय?"

"गरज पडली तर टँकर लावू."

"टँकर भरणार कुठनं?"

"भरून येतील की कुठून तरी."

"खालच्या गावांचं टँकर ह्याच झऱ्याच्या वढ्यावर भरत्यात, साहेब. दुसरीकडं पाणीच न्हाय. तुमच्याच माणसानं आत्ता सांगितलं, राई न्हाय तर झरा न्हाय." त्यांना बोलताना त्रास होत होता हे दिसत होतं. "मिसळीला पाणी लई लागतं, साहेब."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे आणखी एक भाषण असेल तर ते आत्ता करावं, असा त्या नजरेचा अर्थ होता. माझ्याकडे नव्हतं. होतं तेवढं सगळं मी राईच्या बाजूने वापरून टाकलं होतं.

साहेबांनी मला जीपमध्ये बसवलं. फाट्यावर त्यांनी गाडी थांबवली आणि माझ्या बाजूचं दार आतूनच उघडलं.

"तुळपुळे, तुम्ही छान बोलता," ते म्हणाले. "उद्यापासून येऊ नका."

मी उतरलो. आता मी कुठेही जायला मोकळा होतो, आणि मला जायला कुठलंच ठिकाण नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मी एसटीने भोकरदरीला गेलो. खिशात काडेपेटी होती. बसमध्ये शेजारच्या माणसाने विडी पेटवायला ती मागितली. मी दिली नाही. तो मला कंजूष म्हणाला.

सखा गुरव आणि तानूआत्या देवळापाशीच भेटले. मी काडेपेटी पुढे केली. गुरवाने ती दोन्ही हातांनी घेतली, उघडली, आत बघितलं.

"डेटॉलने धुतलीये," मी म्हणालो. "तीनदा."

तानूआत्या पदर तोंडाला लावून हसायला लागली. तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"कशाला धुवायची?" ती म्हणाली. "उदमांजर काय धुऊन आणतंय? वटवाघूळ, पाखरं, माझ्या शेळ्या, समद्यांनी खाल्लं आन् टाकलं, तवाच तर राई झाली."

"मग त्या दिवशी मला आत का नाही बसू दिलंत?"

"तुमी शिकल्यालं," ती म्हणाली. "लाज हाय न्हवं तुमास्नी."

दगडांच्या रांगेच्या आत, कडेला, गुरवाने काठीने खड्डा केला आणि मला बी टाकायला सांगितली. वर मी पाचोळा लोटला. मग पाय झटकून बाहेर आलो.

याला बरीच वर्षं झाली. सरपंचांनी मिसळ सेंटर एसटी थांब्यापाशी काढलं आणि बोर्ड वाया जाऊ दिला नाही. भोकरदरीत जिराफ कुठे आहे, असं बाहेरची माणसं अजून विचारतात. मी दर वर्षी एकदा जातो. झाड आता देवळाच्या कळसाच्या वर गेलं आहे, खोड माझ्या कवेत मावत नाही, आणि गावात त्याला सगळे तुळपुळ्याचं जांभूळ म्हणतात. मृगाच्या आधी त्याच्याखाली नुसता जांभळा सडा पडलेला असतो. मोठी, रसरशीत जांभळं, राईत सगळ्यांत मोठी.

कुणीही खात नाही. राईचा नियम आहे म्हणून, असं ते मला सांगतात.